तुमचा दाखला राहिला

सड्याची वाडी, जि. रत्नागिरी
२ एप्रिल १९८६

रावजीकाकांना,

नमस्कार नंतर करतो. आधी रागाचं बोलून घेतो.

पत्ता कुठून मिळाला असं तुम्हाला वाटेल. डोंबिवलीला तुमच्या पुतण्याकडे दरवर्षी हापूसची पेटी जाते, तिच्या फळीवर लाल रंगाने तुम्हीच पत्ता घातलाय, चाळीच्या नंबरासकट. एक पेटी जायची राहिली, ती शेडमध्ये मी बसायला घेतली. सहा वर्षं मी तुमच्या पत्त्यावर बसलोय. तुम्ही कुठे सापडाल हे मला नाय कळणार तर कुणाला?

धुळवडीला अख्खी वाडी पालखीबरोबर वर नाचायला गेली होती, तेव्हा तुम्ही पिशवी घेतलीत आणि सकाळच्या एसटीत बसलात. कुणाला बोललात नाय. कंडक्टरने संध्याकाळी सांगितलं म्हणून कळलं. फळ्यावर तुमच्या अक्षरात अजून तसंच आहे, ‘येणं मर्जीचं, जाणं मर्जीचं, राहणं कराराचं.’ मला वाटायचं ते आम्हा पोरांसाठी लिहिलंय. तुम्ही ते स्वतःसाठी लिहून ठेवलं होतंत होय?

लोक मला विचारतात. कॉलेजला मान्यता मिळाली, सहा वर्षांत पहिल्यांदा सरकारी लिफाफा आला, वाडीभर पेढे वाटले, आणि चारच दिवसांत कॉलेज काढणारा माणूस पळाला, असं कसं? काशीराम म्हणतो, ‘जन्मभर लाँचीचं इंजिन चालवलं मी. लाँच धक्क्याला लागल्यावर पाण्यात उडी मारणारा तांडेल नाय बघितला.’ रत्नागिरीच्या एका पेपरात चार ओळी छापून आल्यात, त्यात ‘तथाकथित कॉलेज’ असं म्हटलंय. तथाकथित म्हणजे काय ते मी मालनला विचारलं. तिने सांगितल्यावर त्या पेपरात मी मासे गुंडाळले.

तो दिवस माझ्या डोळ्यासमोरून जात नाय. मालनने लिफाफा फोडला, मोठ्याने वाचलं, तिचा बापूस मागे उभा होता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही ते पत्र घेतलंत, दाराशी जाऊन उजेडाला धरलंत, शिक्क्यावरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, ‘ठीक आहे.’ आणि एक पेढा खाल्लात.

आता माझ्यामागे लचांड लागलंय. त्या पत्रात खाली लिहिलंय, ‘संस्थेचा संक्षिप्त इतिहास दोन प्रतींत सादर करावा.’ मला टाइप येतं म्हणून मालनने ते माझ्या गळ्यात घातलं. म्हणते, ‘भागोजी, पहिल्या दिवसापासून सगळ्यात तुझी लुडबूड आहे, तूच लिही.’ हा इतिहास कुणी मागितला आणि कशाला मागितला याबद्दल मला थोडं बोलायचंय. पण आज नको.

परत या. माझा तुमच्याशी इंग्रजीचा करार जूनपर्यंत आहे. खाली तुमची सही आहे.

भागोजी गोताड


११ एप्रिल १९८६

रावजीकाका,

उत्तर नाय. बरं.

इतिहास लिहायला घेतला. खाली पाठवतोय. खोटं असेल तिथे लाल पेन्सिल मारा, तुमचाच नियम आहे.

‘सन १९८० च्या जून महिन्यात श्री. रावजी साळवी मुंबईहून सड्यावर आले. त्याआधी तीस वर्षं ते परवान्याच्या एका कचेरीत होते. कुणी परदेशातून काय आणावं, किती आणावं, याच्या कागदांवर ते शिक्के मारत. शेवटी त्यांना शिक्क्याचा एवढा वीट आला की पोस्टाचं तिकीट चिकटवतानाही तोंड वाकडं करत. त्यांनी आपल्या कलमांच्या बागेतल्या आंबे भरायच्या शेडमध्ये स्वाधीन महाविद्यालय काढलं. लोक त्याला मोकळं कॉलेज म्हणतात. बाकं नव्हती, पेट्या होत्या. मे महिन्यात पेट्यांत आंबे भरले जात, तेव्हा विद्यार्थी जमिनीवर बसत.’

एवढं बरं आहे ना? पुढचं ऐका.

‘पहिल्या दिवशी चार विद्यार्थी होते. पैकी एक दहावीला दोनदा आपटलेला.’ ते मी. ‘रावजींनी भाषण केलं, की सरकारने रस्ता करावा, चोर धरावा आणि घरी बसावं. कुणाच्या डोक्यात काय जावं हे सरकारने का ठरवायचं? त्यावर एका पालकाने रस्ता तरी कुठे केलाय असं विचारलं.’ तो माझा बापूस. त्याला वाटलं तुम्ही निवडणुकीला उभे राहताय.

करारांचं मी सविस्तर लिहिलंय, कारण ते दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाय. ज्याला जे शिकायचं त्याने शिकवणाऱ्याशी कागदावर करार करायचा. काय शिकणार, किती दिवस, बदल्यात काय देणार. कमळाने शिवण शिकवलं आणि बदल्यात भूगोल घेतला. माझा काशीरामशी करार होता, की डिझेल इंजिन सगळं उघडायचं, सगळं जोडायचं, आणि हातात नट उरला तर आणखी महिनाभर शिकायचं. सात महिने झाले. अजून उरतो.

आणि दाखला. हे वाचून तो सरकारी साहेब खुर्चीतून पडेल. जाणाऱ्याने आपला दाखला आपणच लिहायचा. मग सगळ्यांनी वाचायचा, खोटं दिसेल ते लाल पेन्सिलीने खोडायचं, उरेल त्याच्याखाली सही करायची. कमळाने लिहिलं होतं, ‘मी दिसायला सुंदर आहे.’ काशीरामने पेन्सिल उचलली, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवली. ती ओळ राहिली.

जीपवाल्या साहेबाचंही घातलंय. तो ८२ साली आला होता.

‘हजेरीपट कुठाय?’

‘जो आलाय तो दिसतोय.’

‘परीक्षा कोण घेतो?’

‘ज्याला शंका येते तो.’

‘मान्यतेसाठी अर्ज का नाही केलात?’

तुम्ही म्हणालात, ‘तुम्ही लग्न केलंत तेव्हा कुणाकडे अर्ज केला होतात?’

तो म्हणाला, ‘सासऱ्याकडे.’

तेवढा एक साहेब मला आवडला. त्याच्या जीपच्या इंजिनावर सुके बोंबील कुणी बांधले, ते रत्नागिरीपर्यंत भाजत गेले, हे मी इतिहासात घातलेलं नाय. तेव्हा सगळे म्हणाले भागोजीला काढून टाका. तुम्ही म्हणालात काढायचा नियमच नाय, ज्याला त्याच्याशी करार नको त्याने करू नये. आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं नाय. काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

एक गोष्ट लिहू की नको कळेना. पाण्याच्या माठाची. मालनच्या बापसाने तिच्या पहिल्या दिवशी विचारलं, ‘माठ एकच आहे. आम्ही कुठलं प्यायचं?’ गावच्या शाळेत त्यांच्या वाडीतल्या पोरांना काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही म्हणालात, ‘करारात दुसरा माठ नाही.’ दोन पालकांनी पोरं काढून नेली. तुम्ही थांबवलं नाय, जाणं मर्जीचं म्हणालात, आणि माठ होता तिथेच राहिला. मी ते लिहिलंय. खोडायचं असेल तर खोडा, मी परत लिहीन.

एवढं वाचून तरी चार ओळी टाका.

भागोजी


२८ एप्रिल १९८६

रावजीकाका,

आता नीट ऐका, आणि मध्ये उठून जाऊ नका. तुम्हाला ती सवय आहे.

ते मान्यतेचं पत्र मी लिहिलं.

शेडमधल्या टाइपरायटरवर लिहिलं. भाषा माझ्याच दहावीच्या नापासाच्या कागदांवरून उचलली, ‘उपरोक्त’, ‘सदरहू’, ‘कार्यवाही’. अर्जाशिवाय मान्यता कशी असं कुणी विचारू नये म्हणून जीपवाल्या साहेबाच्या तपासणीचा हवाला दिला. जावक क्रमांक घातला ९१४३, ती अलोऱ्याच्या एसटीची नंबरपाटी, स्टँडवर समोर उभी होती. शिक्का काशीरामच्या तुटक्या चपलेचं रबर कोरून केला, शाई पोस्टातल्या पॅडवर दाबून आणली. इतिहास सादर करावा हे शेवटी घातलं, कारण त्याच्याशिवाय पत्र फार गोड वाटत होतं. सरकार काहीतरी काम लावतंच.

आमच्या वाडीत शिमग्यात केलेली चेष्टा धुळवडीला फोडायची असते. मीही फोडणार होतो. पालखी शेडसमोर आली की सगळ्यांच्या पुढे सांगायचं, तुमच्या तोंडाला गुलाल लावायचा, तुम्ही मला शिव्या घालायच्या, संपलं. पालखी आली आणि तुम्ही नव्हतात. मी कुणाला सांगणार? सगळे म्हणत होते काका रत्नागिरीला गेले असतील, मान्यतेच्या कामाला. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाय. दुसऱ्या दिवशी आणखी नाय निघाला.

आता मालनचं ऐका. जिल्ह्याच्या ज्या कचेरीच्या नावाने मी पत्र केलं, तिथेच टाइप येणाऱ्या कारकुनाची जागा निघाली. मान्यताप्राप्त महाविद्यालयाचा विद्यार्थी हवा. तिने अर्ज केला आणि त्या पत्राची नक्कल जोडली. मला विचारलंन नाय, आणि कशाला विचारील? पत्र तिच्या हातात आलं होतं, तिनेच फोडलं होतं. परवा कचेरीकडून आलं, की असं पत्र आमच्याकडून गेलेलंच नाही, खोटा दस्तऐवज कुणी केला त्याचा खुलासा करायला संस्थाचालकासह १२ मे रोजी हजर राहावे, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे देऊ.

ती कागद घेऊन शेडमध्ये आली तेव्हा मी तुमचाच इतिहास टाइप करत होतो. मी सांगून टाकलं. तिने मला काय केलं ते विचाराल. काय नाय केलं. कागद यंत्रातून काढून माझ्या हातात दिला, टाइपरायटर डोक्यावर घेतला आणि घरी चालू लागली. दगडी गडग्यापाशी वळून म्हणाली, ‘तू ह्याला परत हात लावायचा नाय.’

तिने तुम्हाला मागे एकदा काय सांगितलं होतं, आठवतंय? आपला वाद चालला होता, अर्ज करायचा की नाय. ती म्हणाली, ‘काका, तुमच्याकडे कागद होता, म्हणून तुम्हाला कागदाचा कंटाळा आला. आम्हाला आधी मिळू दे, मग आम्ही कंटाळू.’ मी हसलो होतो. ते हसणं मला आता गिळता येत नाय.

तर १२ मे. मी जातोच आहे. पण त्यांना संस्थाचालक हवा. तुम्ही फक्त येऊन सांगा, की ही पोर चार वर्षं शिकलीय आणि तिने खोटं काही केलेलं नाय. मान्यता मागू नका, तुमचं तत्त्व तुमच्याकडे ठेवा. उभे राहा फक्त.

भागोजी


१४ मे १९८६

काका,

तुमचं कार्ड मिळालं. ‘पत्रे मिळाली. जो तो आपल्या कृत्याला जबाबदार, एवढेच मी शिकवले. येणार नाही.’ अख्ख्या कार्डावर दीड ओळ. कोरी जागा कशाला फुकट घालवलीत, मालनचं नाव तरी घालायचंत.

परवा आम्ही तिघं गेलो, मी, मालन आणि काशीराम. काशीराम नवीन चपला घालून आला होता.

साहेबाने विचारलं, ‘संस्थाचालक कोण?’ काशीराम म्हणाला, ‘गेलाय. इंजिन चालू ठेवून गेलाय.’ साहेबाला ते कळलं नाय. मग मी पुढे झालो आणि सगळं सांगितलं, नंबरपाटीसकट.

तिथे एक कारकून होता, माझ्याहून थोडा मोठा. त्याने पत्र हातात घेतलं, दाराशी जाऊन उजेडाला धरलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. तो म्हणाला, ‘साहेब, हे चपलेचं रबर. कडेला चौकडी उमटलीय बघा.’ काशीरामने आपल्या पायांकडे बघितलं. मी कारकुनाला विचारलं, ‘तुम्हाला नोकरीला किती वर्षं झाली?’ तो म्हणाला तीन.

तीन, काका. तुम्हाला तीस.

ते नंतर बोलतो. आधी मालनचं. माझा जबाब लिहून घ्यायचा होता आणि त्यांचा टायपिस्ट रजेवर. साहेब चिडला. मालन म्हणाली, ‘मी करते.’ तिने माझा गुन्हा टाइप केला. मी सांगत गेलो, ती मारत गेली, एकदाही माझ्याकडे बघितलं नाय. दोन पानं, एक चूक नाय, कार्बन प्रतही स्वच्छ. साहेबाने वाचून बघितलं आणि म्हणाला, ‘काम छान आहे.’

‘मग माझा अर्ज?’

‘तो बाद.’

‘काम छान आहे म्हणालात ना?’

‘बाई, मान्यता नाही. मी काय करू?’

ती म्हणाली, ‘मग हे दोन कागदही बाद करा. ते मान्यता नसलेल्या बाईने टाइप केलेत.’

साहेबाने ते कागद घाईने फायलीत घातले. तिच्यावरचा संशय गेला, तसं लेखी दिलं. मला १६ जूनला परत बोलावलंय, वरचा साहेब ठरवणार पोलिसांत द्यायचं की समज देऊन सोडायचं. जे होईल ते होईल. मी चपलेतून शिक्का काढलाय, नाय म्हणत नाय.

बाहेर पायरीवर बसून मला सगळा राग आला. त्या साहेबाचा आला. तिचं काम डोळ्यांनी बघतो, हातात घेतो, फायलीला लावतो, आणि ती मात्र नको. तुम्ही सहा वर्षं ह्याच्यावरच बोलत होतात आणि तुमचं बरोबरच होतं. हे तुम्ही तिथे येऊन त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतंत. सड्यावर आमच्यापुढे बोलून काय उपयोग, आम्हाला पटलेलंच होतं.

आणि तुमचा आला. तुम्हाला त्याच मिनिटाला कळलं होतं. तुम्ही आयुष्यभर दुसरं काही केलंच नाय, तुम्हाला चपलेचं रबर ओळखता येणार नाय? एक शब्द बोलायचा होता, ‘भागोजी, हे तुझं काम.’ सगळे हसले असते, पेढे उलटे माझ्या अंगावर मारले असते. तुम्ही पेढा खाल्लात. तुम्ही आमची तोंडं बघत बसलात. तुम्हाला वाटलं असणार, एवढी वर्षं मोकळेपणा शिकवला आणि ही पोरं एका शिक्क्यावर नाचतायत. मालनच्या बापसाच्या डोळ्यांतलं पाणी बघून तुम्हाला राग आला, खरं सांगा. मग तुम्ही चार दिवस वाट बघितलीत आणि आमच्यावर रुसून निघून गेलात, आणि ते खोटं पत्र टेबलाच्या काचेखाली तसंच ठेवलंत. तिने नक्कल काढली ती तिथूनच.

मी खोटं लिहिलं. तुम्ही ते चालू दिलंत. जो तो आपल्या कृत्याला जबाबदार म्हणता ना, मग ते कार्ड तुमच्याच पत्त्यावर टाकायचं होतं.

भागोजी


२५ मे १९८६

काका,

हे हाताने लिहितोय. टाइपरायटर शेडमध्ये परत आलाय, पण मला परवानगी नाय. मालन त्याच्यावर पाचजणांना शिकवते. करार करून. कमळाचा धाकटा भाऊ बदल्यात तिला रोज सायकलवरून स्टँडला सोडतो. ती आता रत्नागिरीत एका वकिलाकडे कागद टाइप करायला जाते, त्याने मान्यता विचारली नाय, एक पान टाइप करायला सांगितलं. फळ्यावर तुमचं वाक्य आम्ही ठेवलंय. पुसायचं की नाय यावर वाद झाला, तिनेच पुसू दिलं नाय.

१६ जूनला माझं काय होतंय माहीत नाय, म्हणून मी माझा दाखला लिहून घेतला. काल सगळे पेट्यांवर बसून वाचत होते. मी लिहिलं होतं:

‘भागोजी गोताड, वय २३. टाइप येतं. इंग्रजी पत्र वाचता येतं. डिझेल इंजिन पूर्ण जोडता येतं. चेष्टेखोर आहे, पण कुणाचं नुकसान केलेलं नाही.’

काशीरामने ‘पूर्ण’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘एक नट उरतो.’ सही केली.

मालनने पेन्सिल घेतली. ‘टाइप येतं’ इथे बराच वेळ थांबली, मग पुढे गेली. ‘पण’पासून शेवटपर्यंत सगळं खोडलं. ओळ ‘चेष्टेखोर आहे’ एवढीच राहिली. तिच्याखाली सही केली, पूर्ण नाव, मालन सकपाळ, आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. दाखला खरा झाला.

सोबत तो पाठवत नाय. त्याच्यावर तुमची सही आता नकोय मला.

सोबत एक कोरा कागद आहे. आम्ही दप्तर चाळलं तेव्हा लक्षात आलं, की सहा वर्षांत सड्यावरून जो जो गेला त्याने आपला दाखला लिहिला. कमळाने लिहिला, माठावरून ज्या पोरांना नेलं त्यांनीसुद्धा वळणदार अक्षरात लिहून दिला. तुम्ही एकटेच लिहिल्याशिवाय गेलात. वर मी तुमचं नाव घालून ठेवलंय, ‘रावजी साळवी, स्वाधीन महाविद्यालय सोडत असता.’ खाली तुम्ही लिहायचं. काय येतं, काय नाय येत, काय केलंत, आणि ते पत्र उजेडाला धरलंत तेव्हा काय बघितलंत.

पोस्टाने पाठवा नाहीतर घेऊन या. येणं मर्जीचं.

पेन्सिलीला मालनने टोक काढून ठेवलंय.

भागोजी